शिळे दहा

५ जानेवारी

ठमे,

आशीर्वाद तुझ्या पाठीशी आहेतच, दर पत्रात ते लिहून शाई कशाला घालवू? स्टीलच्या टाक्या करणाऱ्या कारखान्यात चिकटलीस, वाचून बरं वाटलं. पण 'वेल्डिंगच्या सांध्यांना पेस्ट लावून ते उजळायचं काम आहे' एवढं लिहून तू लगेच खोलीच्या खिडकीचं वर्णन सुरू केलंस. मामाचं डोकं त्या पेस्टपाशीच अडकलं. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून कळव. मला वाटतं, ते आमचंच निघणार.

आमचं म्हणजे ज्याच्यावर मी जन्मभर काचा दुधी केल्या ते. कागदावरचं नाव हायड्रोजन फ्लोराइड, पाण्यात मुरवलं की हायड्रोफ्लोरिक ॲसिड. तुझी मामी त्याला 'मुकं' म्हणायची. दुसरी ॲसिडं अंगावर उडाली की आग होते, माणूस बोंबलत नळाकडे धावतो. हे पातळ असलं की तोंडातून शब्द काढत नाही. गुपचूप कातडीखाली उतरतं आणि ठणका लागतो तेव्हा ते हाडाशी जाऊन बसलेलं असतं. अंगातलं कॅल्शियम ओढून घेतं. जास्त लागलं तर काळजाचे ठोके चुकवतं. काचेच्या बाटलीत ठेवावं तर बाटलीच खातं. उतरलेलं घर कुरतडणारा पाहुणा, दुसरं काय!

म्हणून आपल्या दुकानात एक रीत होती. एकाने काम करायचं, दुसऱ्याने राखण. राखणदाराने कशाला हात लावायचा नाही, फक्त काम करणाऱ्याच्या हातांवर नजर. राखण मामीची. काम संपलं की मला खिडकीशी नेऊन विचारायची, "किती?" मी मोजे काढून बोटं पसरायची, तिने एकेक नख दाबून पाहायचं, मग मी म्हणायचं, "दहा." त्यानंतर चहा. आमचं भांडण झालेलं असलं तरी तेवढा एक शब्द ती बोलायची. कधीकधी दिवसभरात तेवढाच.

आता दुकान बंद केलंय. सवयीने अजून दोन कप विसळतो, मग एक पालथा घालतो. कान पार गेलेत, तेव्हा फोन करून घसा कोरडा करू नकोस. पत्रच लिही. आणि सहीखाली तुझा आकडा लिहीत जा.

मामा

---

१४ जानेवारी

मामा,

डब्यावर वाचलं. नायट्रिक आणि तुझं मुकं, दोघं एकाच डब्यात नांदतात.

फोरमनना विचारलं, हे किती वाईट असतं? म्हणाले, "अगं, टूथपेस्टसारखी आहे, फक्त दात घासू नकोस." सगळे हसले. मीही हसले. नव्या माणसाला हसावं लागतं. पहिल्या दिवशी माहिती मात्र चांगली दिली होती. फ्रिजमधला गारवा करणारा वायू, ॲल्युमिनियम, पेट्रोल, मोबाईलमधली चिप, सगळ्यांच्या मुळाशी कुठेतरी हे तुझं मुकं राबत असतं म्हणे. मला वाटलं, इतक्या घरांत याचा हात लागलाय आणि कुणाला नाव माहीत नाही. थोडंफार आपल्यासारखंच.

काम असं. ब्रशने सांध्यावर पेस्ट लावायची, थांबायचं, मग पाण्याच्या जोराने धुवायची. काळा पडलेला सांधा नव्या चमच्यासारखा लखलखतो. तेव्हा छान वाटतं. शेड मागच्या बाजूला आहे, वासामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. मोठ्या टाकीत मी आत उतरून बसते. तोंडाला मास्क, हातात मोजे. काल तुझी आठवण आली, म्हणून मास्कच्या आतूनच मोठ्याने म्हटलं, "किती?" तर टाकीच म्हणाली, "किती... किती..." मला हसू आलं, मग आलं नाही.

खोलीवर येते तेव्हा जिन्यात दिवा नसतो. शेजारच्या दाराबाहेर चपला दिसतात, माणसं अजून दिसलेली नाहीत.

ठमी
दहा

---

२३ जानेवारी

ठमे,

टाकीत? एकटी?

अगं, त्याची वाफ छातीत जाते. बंद जागेत ती जाणार कुठे? तू आत आडवी झालीस तर बाहेर कळणार कुणाला, टाकीला?

आता मामा सांगतो ते नीट ऐक. टाकीत हवा खेळवणारा पंखा लावल्याशिवाय आत पाय ठेवायचा नाही, आणि टाकीच्या तोंडाशी माणूस हवाच. मोजे घालण्याआधी फुगवून पाण्यात बुडव. बुडबुडा आला की मोजा कचऱ्यात. मोज्याला टाचणीएवढं भोक असलं तर ते मोजा नसण्याहून वाईट, कारण आत गेलेलं मुकं दिवसभर बोटाला चिकटून बसतं. कुठे शिंतोडा उडाल्याचा नुसता संशय आला तरी लगेच भरपूर पाणी, मग कॅल्शियमची जेलीसारखी ट्यूब येते ती चोळायची आणि डॉक्टर गाठायचा. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. ट्यूब खिशात हवी, कपाटात नको. तुमच्याकडे ती कुठे असते?

आणि जोडी शोध. स्टोअरमध्ये एक बाई आहेत असं मागे लिहिलं होतंस. त्यांना विचार. लाजू नकोस.

पत्राने राखण होत नाही, ठमे. तू 'दहा' लिहितेस ते माझ्यापर्यंत पोचेतो शिळे झालेले असतात.

इकडे सगळं ठीक. दवाखान्यातला कंपाउंडर अधूनमधून येऊन बसतो, पाटीवर खडूने लिहून माझ्याशी गप्पा मारतो. त्याचं अक्षर असं की औषधाची चिठ्ठी वाचतोय असं वाटतं. कागदावर डाग पडलाय, तिकडे लक्ष देऊ नकोस.

मामा

---

१ फेब्रुवारी

मामा,

डागाकडेच लक्ष दिलं. नखाने खरवडून पाहिलं. मेण आहे.

काचेला आधी मेण फासायचं, सुईने नक्षी मोकळी करायची, मग उघड्या भागावर मुकं ओतायचं. हे मी लहानपणी तुझ्या ओट्याखाली बसून पाहिलंय. दुकान बंद केलेल्या माणसाच्या पत्रावर मेण कुठून आलं? आणि राखणीला कोण आहे तुझ्या? खरं सांग.

माझं म्हणशील तर स्टोअरवाल्या बाईंना विचारलं. नट मोजता मोजता माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला माझी कामं काय कमी आहेत? तुझी राखण करायला तू काय दागिना आहेस?" परत जाताना इतकं कानकोंडं झालं की वाट चुकून कँटीनमध्ये गेले.

ट्यूब ऑफिसच्या कपाटात असते. चावी क्लार्ककडे आणि क्लार्क जेवायला घरी जातो. म्हणून केमिस्टकडे खेटे घातले. चार दुकानं फिरल्यावर एकाने कुठून तरी एकच आणून दिली आणि वर म्हणाला, "पुन्हा मिळेल असं धरून चालू नका."

ती या पार्सलमध्ये आहे. तुझ्या ओट्यावर डाव्या हाताला ठेव, जिथे मामीची पाण्याची बादली असायची. माझी काळजी करू नकोस, माझ्याकडे आहे.

पंखा मागितलाय. 'बघू' म्हणालेत.

ठमी
दहा

---

१० फेब्रुवारी

अगं वेडे,

केमिस्टने एकच दिली असं वरच्या ओळीत लिहितेस, आणि खालच्या ओळीत 'माझ्याकडे आहे' म्हणतेस! लहानपणी खाऊ लपवायचीस तेव्हाही गाल फुगलेलेच असायचे.

ट्यूब आजच परत पाठवली आहे. ज्या बोटांनी अजून सगळं आयुष्य काढायचंय त्यांच्याजवळ ती राहू दे.

आता माझं. लपवलं खरं. दवाखान्याला नवीन दार करायचं होतं. कंपाउंडरने येऊन पाटीवर लिहिलं, "मामा, दाराला तुमच्या हातच्या दुधी काचा मिळतील का? सहा लागतील." त्या दिवशी मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि 'हो' म्हणालो. तो काचा बघायला येतो, बसतो, पाटीवर काहीबाही लिहितो. डॉक्टरीणबाई एकदा येऊन काचेवर कोरलेल्या वेलीचं एक पान बोटाने गिरवून गेल्या. मामी गेल्यापासून या घरात इतकी माणसं आली नव्हती, ठमे. म्हणून मी कामही जरा लांबवलं. एक काच झाली की पुढचीला उगाच दोनदा मेण लावायचो.

राखणीला कोणी नाही. कंपाउंडरला सांगितलं असतं तर घाबरून त्याने कामच काढून घेतलं असतं. काम संपलं की मी खिडकीशी जातो आणि मामीच्या रिकाम्या खुर्चीसमोर बोटं पसरतो. दिसत मात्र नाही काही, डोळे मेले अर्धे गेलेत.

पाच काचा झाल्या. सहावीला मेण लावून ठेवलंय. ती तशीच ठेवतो. तू सुखाने काम कर.

मामा
दहा

---

१८ फेब्रुवारी

मामा,

पत्र आलं, पार्सल अजून आलेलं नाही. म्हणजे आत्ता ती ट्यूब ना तुझ्याकडे आहे ना माझ्याकडे. कुठल्यातरी पोत्यात पडून गावं फिरते आहे. आपण दोघं शहाणे आणि ती एकटी!

ती येईपर्यंत पेस्टला हात लावणार नाही, असं मी फोरमनना सांगितलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "मग काय करणार? रांगोळी?" मी म्हटलं, "झाडू मारीन." तेव्हापासून पत्र्याचे कतरे झाडते आहे. महिनाअखेरीला कामावर ठेवतील की काढतील, माहीत नाही. दुपारी डबा खायला बसले तर बाकावरची दोघं उठून गेली. त्यांचं जेवण झालं असेलही, पण मला वाटायचं ते वाटलंच.

तू मात्र सहाव्या काचेला शिवू नकोस. माझी शपथ घाल स्वतःला. ट्यूब आली की दुसरी मिळेतो मी शोधत राहीन, मग एक तुझी, एक माझी. तोवर दवाखान्याचं दार एका काचेवाचून अडत नाही. ऐक माझं, मामा.

ठमी
दहा (हे खरे. झाडूला मुकं नसतं.)

---

१९ फेब्रुवारी

ठमे,

आज जरा खुशीत आहे. तू रागावशील, पण सहावी काचही झाली.

त्याचं असं झालं, काल कंपाउंडरने पाटीवर लिहिलं, 'सुतार थांबायला तयार नाही, सहावी बाजारातली तयार बसवतो.' माझ्या पाच वेलींच्या शेजारी बाजारातली काच! जसं काही कुणी माझ्या पंक्तीत पुतळा आणून बसवला. म्हटलं, थोडकंच काम आहे, सकाळच्या उजेडात उरकू. मोजे फुगवून पाहिले, बुडबुडा नाही. नीट धुतलं, नीट पुसलं. वेल अशी उतरलीय की पानाच्या शिरा मोजाव्यात. उद्या कंपाउंडर काचा घेऊन जाईल.

मग परवापासून तो कशाला येईल, हेही मनात येऊन गेलं. बाजूला सारलं.

तुझ्या टाकीला पंखा लागला का? त्या स्टोअरवाल्या बाईंचं मनावर घेऊ नकोस. फणकारणारी माणसं बहुतेक वेळा कुणीतरी दुसऱ्यांदा विचारेल याची वाट बघत असतात. पुन्हा विचार.

लिहिताना उजव्या हाताची तर्जनी जरा जड वाटतेय. दिवसभर सुई धरली, त्याने असेल.

चहा करून आलो. कप उचलताना बोट आखडलं. दिव्याखाली धरून पाहिलं, वर काही दिसत नाही. नखाशी थोडं पांढुरकं वाटतं, पण माझ्या डोळ्यांना सगळंच पांढुरकं दिसतं. खुर्चीकडे बघून विचारलं, हे काय आहे गं?

नख दाबून पाहिलं. तिने दाबलं असतं तसं.

ठमे, हे सुईने नाही. ठणका आतून येतोय. मोज्याला काही झालं नव्हतं, पण शेवटी काच पुसताना मोजा काढला होता. तेव्हा मी एकदा कडेला हात लावला. ते पाहायला कोणीतरी हवं होतं.

दिवेलागणच झालीय, दवाखाना उघडा असेल. हात नळाखाली धरून मग जातो. पत्र इथेच ठेव—

*(याच कागदावर, निळ्या शाईत)*

ताई, मी दवाखान्यातला कंपाउंडर. मामा आले ते ओला हात छातीशी धरून. मला काही कळेना. त्यांनीच सांगितलं, 'कॅल्शियम, कॅल्शियम.' डॉक्टरीणबाईंनी मोठ्या इस्पितळात फोन लावून विचारलं आणि आमच्याकडे होतं ते कॅल्शियम तयार करून हात त्यात बांधला, लगेच गाडीने तिकडे नेलं. रात्रभर त्यांचे ठोके मशीनवर बघणार आहेत. हे पत्र त्यांच्या टेबलावर मिळालं, तुमचा पत्ता पाकिटावर होता. तुमच्या कारखान्याचा फोन नंबर शोधून निरोप आधीच दिला आहे, तरी पत्र टाकतो, कारण ते तुमचं आहे.

मी इतक्या वेळा तिथे बसलो. ते काय वापरतात ते विचारायचं मला कधी सुचलं नाही.

---

१२ मार्च

मामा,

तुझ्याकडून निघून काल इथे पोचले. जिन्यात अजून दिवा नाही. चाचपडत वर आले आणि पायाला काहीतरी लागलं. पार्सल. तुझ्या अक्षरात माझं नाव, सुतळीला मामीसारखी दुहेरी गाठ. कुणीतरी ते दाराशी आणून ठेवलं होतं. मी तिथेच पायरीवर बसले. त्या दिवशी हे तुझ्या ओट्यावर असतं तर तू संशय आल्या आल्या चोळलं असतंस. इस्पितळातल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं ना? पहिला तासच सगळा असतो म्हणाले. मी पाठवलं म्हणून तू परत पाठवलंस, तू परत पाठवलंस म्हणून बोट गेलं, असं मनात गोल गोल फिरतंय. शेवटी शेजारचं दार उघडलं. आतून एक आजी म्हणाल्या, "पायरी गार आहे, आत ये." त्या चपला त्यांच्याच. पार्सलही त्यांनीच घेऊन ठेवलं होतं.

आपण दोघांनी उरलेलं मुकं चुन्यात मुरवून निकामी केलं, तेव्हा तू शेवटपर्यंत मला कशाला हात लावू दिला नाहीस. बांधलेला हात गळ्यात, डाव्या हाताने पळीपळीने चुना टाकत होतास, आणि मी मामीच्या खुर्चीत. काम संपल्यावर मी "किती?" विचारलं आणि तू फक्त डाव्या हाताची बोटं पसरलीस. तो प्रश्न मी विचारायला नको होता. की हवा होता? गाडीत बसून सगळी वाट तोच विचार केला.

कारखान्यात तुझी बातमी आधीच पोचली होती. फोरमननी ट्यूबच्या कपाटाची चावी शेडमधल्या खिळ्याला लटकवली होती, आणि टाकीत पंखा लावला होता. मला पुन्हा पेस्टवर घेतलंय. स्टोअरवाल्या बाईंना मी दुसऱ्यांदा विचारायला गेले, तर त्या स्टूल घेऊन आधीच निघाल्या होत्या. म्हणाल्या, "पुढे हो. आणि टाकीत गाणी म्हणायची नाहीत, माझं डोकं उठतं." बाहेर बसून त्या माझ्या हातांकडे असं बघतात की जणू मी त्यांचे नट चोरतेय. काम संपल्यावर ओरडतात, "किती गं?" आता टाकी मध्ये बोलत नाही.

तुला विचारलं होतं ते पुन्हा विचारते. इकडे ये. खोली लहान आहे, पण खिडकी चांगली आहे.

ठमी
दहा. बाईंनी दाबून पाहिले.

---

२१ मार्च

ठमे,

डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कंपाउंडरच्या वळणावर गेलं तर हसू नकोस.

तू पायरीवर बसून ते गोल गोल फिरवू नकोस. ट्यूब पाठवताना तुला माझं बोट दिसत होतं, परत पाठवताना मला तुझं. सहाव्या काचेला हात मात्र मी एकट्याने लावला, तो कुणी पार्सलने पाठवला नव्हता.

पट्टी सुटली. तर्जनीचं वरचं पेर गेलं, बाकीचं वाकतं. कंपाउंडर रोज दवाखाना बंद करून जाताना दाराशी थांबतो, पाटीवर लिहितो, 'किती?' मी म्हणतो साडेनऊ, तो लिहितो नऊ. आमची घासाघीस चालते. शेवटी मी नऊ कबूल करतो, मग तो जातो.

दवाखान्याचं दार लागलं. सहा काचा बसल्या. मी एकदा जाऊन बघून आलो. बाकावर बसलेल्या एका बाईचं मूल सहाव्या काचेवरच्या वेलीवरून बोट फिरवत होतं. मी त्याचा हात ओढायला पुढे झालो. मग आठवलं, आता ती नुसती काच आहे.

तुझ्याकडे यायचं म्हणतेस. मन होतं, पण पाय निघत नाही. इथे ती खुर्ची आहे. तू बसून गेल्यापासून ती खिडकीकडे वळलेली आहे, मी सरळ केलेली नाही. उन्हाळा सरू दे, बघू.

दुकानात आता काही नाही. टब धुऊन पालथा घातलाय. तिन्हीसांजा कंपाउंडर गेला की घर पुन्हा गप्प होतं आणि पुढची संध्याकाळ लांबलचक पडून असते. तेव्हा तुझी पत्रं काढतो, सगळ्या सह्यांखालचे दहा ओळीने लावतो. शिळे असतात, माहीत आहे मला. तरी एकेक मोजून घेतो.

मामा
नऊ